समितीपुढचे डोहाळे

टापरे साहेबांनी माझ्या पाठीशी उशी लावली आणि म्हणाले, "टेका ताई, नीट टेका. आठवा महिना ना?"

मी टेकले. शासकीय विश्रामगृहाच्या त्या सागवानी खुर्च्या कोणी बनवल्या देवाला ठाऊक. पाठ अशी ताठ, की बसणाऱ्याला आपण शपथेवर आहोत असंच वाटावं. पोटातलं माणूस सकाळपासून उलटंपालटं होत होतं. अशात कोणी आपण होऊन उशी आणून दिली तर बरंच वाटतं. अडचण एवढीच होती, की उशी देणारा हा गृहस्थ माझ्याच एका खटल्यातला आरोपी होता. म्हणजे झाला असता. खटला उभाच राहत नव्हता.

आमच्या जिल्ह्याचं नाव सांगत नाही. केळी, वांगी आणि ऊन या तीन गोष्टी मुबलक, एवढं पुरे. टापरे तिथे जात पडताळणीच्या कार्यालयात अधिकारी होते. पावणेदोन वर्षांपूर्वी मंदाकिनी सपकाळे नावाच्या बाईकडून तिच्या मुलीच्या दाखल्यासाठी लाच घेताना ते सापडले. नोटांना पोलिसांनी पावडर लावलेली होती. सोड्याच्या पाण्यात साहेबांची बोटं बुडवली, तर पाणी गुलाबसरबतासारखं झालं. पंच होते, बाटलीत ते पाणी सीलबंद होतं, दोषारोपपत्र तयार होतं. पण सरकारी नोकरावर लाचेचा खटला भरायचा तर आधी त्याच्याच खात्याची मंजुरी लागते. खात्याचे सचिव आणि टापरे कॉलेजात एकाच वसतिगृहात, एकाच खोलीत राहिलेले. मंजुरीचा प्रस्ताव मुंबईला गेला तो गेलाच.

मंजुरी नाही म्हणून खटला नाही. खटला नाही म्हणून काही महिन्यांनी निलंबन उठलं. आणि निलंबन उठल्यावर टापरे परत आले ते त्याच खुर्चीत, त्याच टेबलामागे, ज्यावर मंदाकिनीबाईंच्या तेजलची फाइल अजून पडून होती. तेजलला औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश मिळाला होता, पण दाखला नंतर आणून देण्याच्या अटीवर. सगळ्या मुदतवाढी संपल्या होत्या. महिनाअखेर दाखला नाही, तर प्रवेश रद्द. टापरे नाही म्हणत नव्हते. नाही म्हणायची चूक असली माणसं करत नाहीत. "तपासणी सुरू आहे," म्हणायचे. सापळ्यापासून एवढाच फरक पडला होता, की आता ते कोणाकडून काही हातात घेत नसत. नुसता ड्रॉवर उघडा ठेवून खिडकीबाहेर बघत बसत.

आणि त्या दिवशी विश्रामगृहावर आमदारांची समिती आली होती ती याच दुखण्यासाठी. मंजुरीचा अधिकार खात्यांकडून काढून राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाकडे द्यायचा, असं विधेयक सरकारनं मांडलं होतं. चोराच्या घरच्यांना विचारून चोर पकडू नका, असा सरळ हिशोब. समिती जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून सरकारी वकिलांच्या साक्षी घेत होती. साक्ष द्यायची होती खरी आमच्या जिल्हा सरकारी वकील बोंडे साहेबांनी, पण त्या दिवशी सकाळीच त्यांच्या कमरेत उसण भरली. फोनवर मला म्हणाले, "तूच जा. तुझ्या अवस्थेत तुला कोणी वाकडं बोलणार नाही."

समितीच्या खाण्यापिण्याची जबाबदारी टापरेंवर होती. पाहुणचारात त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं. सकाळपासून मागच्या अंगणात काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. लाचखोरांना वेसण घालायला आलेल्या समितीला लाचखोर स्वतः भरीत वाढणार होता, आणि यात कोणालाच काही खटकत नव्हतं. मलाही भूक लागलेली होती, खोटं कशाला बोलू.

साक्षीआधी समितीच्या अध्यक्षांनी मला मागच्या व्हरांड्यात बोलावलं. दौलतराव शेंडकर. सत्तरी ओलांडलेले, पांढरीशुभ्र टोपी, आणि आवाज असा मऊ की माणसानं आपली जमीन लिहून द्यावी. त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, कुठलं माहेर ते विचारलं, मग मुद्द्यावर आले. हे विधेयक त्यांना नको होतं. त्यांनी ते लपवलंही नाही.

"पोरी, तू शहाणी आहेस म्हणून सांगतो," ते म्हणाले. "उद्या ते महाधिवक्ता का कोण एकेकाच्या मागं लागले, तर आमच्यात निवडणुकीला उभं राहायला माणूस उरायचा नाही. आतल्या बाकीच्यांचं मी बघतो. पण लाचेचे खटले चालवणारी वकीलच म्हणाली, की सध्याची पद्धत चालते, तर मग विषयच मिटतो."

मी म्हटलं, चालत नाही. आणि टापरेंचं सगळं सांगितलं. टापरे तेव्हा दहा पावलांवर वांग्यांची सालं काढणाऱ्या बायकांना शिस्त लावत होते.

दौलतरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढंच ना? मी फोन करतो. सचिव माझ्या शब्दाबाहेर नाही. आज दुपारपर्यंत तुझी मंजुरी येईल. तुझा खटला उभा राहील, हा खुर्चीवरनं उठेल, त्या बाईच्या पोरीचं काम होईल. तू फक्त आत येऊन म्हणायचंस, सध्याची पद्धत चालते."

"मंजुरी आली तर म्हणेन," मी म्हणाले.

त्यांनी तिथेच माझ्यासमोर फोन लावला. दोन वाक्यं मुलाबाळांची, एक वाक्य टापरेंचं, आणि एक हसू. त्यांच्या हातातला चहा निवलाही नव्हता.

मंदाकिनीबाई फाटकाबाहेर पुलाच्या कठड्यावर बसल्या होत्या. समितीला अर्ज द्यायला आल्या होत्या, पोलिसांनी आत सोडलं नव्हतं. त्यांचं पिको-फॉलचं दुकान. रिकामं बसणं त्यांना माहीत नाही. मांडीवर कोणाची तरी मोरपंखी साडी घेऊन फॉल लावत होत्या. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. सांगणं भागच होतं. वकील मी असले, तरी पणाला लागली होती ती त्यांची मुलगी.

त्यांनी सुई थांबवली नाही. "तुमच्या त्या नव्या कायद्यानं माझ्या तेजलचं होईल?"

"नाही. कायदा व्हायला वर्ष जाईल. तिचा महिना संपेल."

"आणि या म्हाताऱ्याच्या फोननं?"

"आज होईल."

"मग फोन चांगला." त्यांनी दातानं दोरा तोडला. दोऱ्याचं टोक झटकून म्हणाल्या, "पण तुम्ही आत जाऊन म्हणणार, की सगळं ठीक चाललंय. मग माझ्यासारखी दुसरी कोणी आली, की तिनं काय करायचं? तिच्या गावात समिती थोडीच येणार वांगी खायला."

तोच काटा मलाही टोचत होता.

"खरं बोलले तर ते दुसरा फोन करून पहिला फिरवतील," मी म्हटलं.

"कुठपर्यंत फिरवता येतो?"

हा प्रश्न कमरेत उसण नसती तरी बोंडे साहेबांना सुचला नसता. मी सांगितलं, की मंजुरी मुंबईहून लाचलुचपतवाल्यांच्या कार्यालयात येईल, तिथून ते दोषारोपपत्र घेऊन न्यायालयात जातील. एकदा ते न्यायालयात दाखल झालं, की मग कोणाच्या फोनला परत येत नाही.

मंदाकिनीबाईंनी साडीची घडी घातली आणि पिशवीत कोंबली. "मी कोर्टात जाऊन बसते. कागद आत पडलेला डोळ्यांनी बघते आणि येते. तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"अहो, मला आता बोलावतील. दोन-तीन तास मी काय करू?"

त्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. "पोट कशाला आलंय मग एवढं?"

आणि रिक्षाला हात करून निघून गेल्या.

मला आत बोलावलं तेव्हा लांब टेबलामागे पाच आमदार होते आणि कोपऱ्यात कार्यवाही टिपून घेणाऱ्या सचिवालयाच्या बाई. मी बसले. लगेच उठले आणि बाथरूमला जाऊन आले. परत बसले, शपथ घ्यायला उभी राहिले, आणि पुन्हा गेले. हे काही नाटक नव्हतं. आठव्या महिन्यात नाटकाची गरज पडत नाही. पण त्यात किती वेळ काढणार? तिसऱ्यांदा आले तेव्हा दौलतराव घड्याळाकडे बघत होते.

मी डोळे मिटले आणि खुर्चीच्या हाताला धरलं. समितीत एकच बाई होत्या, कलावतीताई सांबरे. चार लेकरांची आई, घसा बसलेला, खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या. त्यांनी विचारलं, "काय होतंय गं? पाणी देऊ?"

"पाणी नको ताई," मी म्हटलं. "सांगायला लाज वाटते. बोरं खावीशी वाटतायत."

माझे खरे डोहाळे पाटीवरच्या पेन्सिलीचे होते. कोर्टात फायलींमागे तोंड लपवून मी त्या कुरतडायचे. पण विधिमंडळाच्या समितीपुढे पेन्सिल मागवली असती, तर ते साक्ष लिहायला समजले असते.

दौलतराव म्हणाले, "साक्ष होऊ दे, मग टोपलीभर बोरं आणवतो."

कलावतीताईंनी पाय खाली घेतले. "अध्यक्ष, पोटुशीचे डोहाळे अडवू नयेत. लेकराचा कान फुटतो."

आता राज्याच्या कायद्यात काय वाट्टेल ते असो, या कलमाला आमच्याकडे अपील नाही. पाचही आमदार एकदम हलले. एकानं फुटलेल्या कानाच्या तीन केसेस सांगितल्या, तिन्ही त्याच्या मतदारसंघातल्या. टापरेंना हाक गेली. ते हात पुसत आले, आणि वकीलताईंसाठी बोरं म्हटल्यावर त्यांचा चेहरा खरोखर फुलला. "आत्ता आणतो," म्हणाले आणि सरकारी जीप घेऊन गेले.

फार लवकर परतले. बाजारातली मोठी, हिरवी, पेरूएवढी बोरं होती. मी एक हातात घेतलं, वास घेतला आणि खाली ठेवलं.

"ही नाही हो," मी म्हणाले. आवाज थोडा रडवेला झाला, तो मुद्दाम केला होता की आपोआप झाला, ते आता आठवत नाही. "चन्यामन्या बोरं. लाल, बारकी, आंबट."

"ती बाजारात नसतात, ताई. रानात जावं लागेल."

"मग राहू द्या," मी म्हटलं, आणि कलावतीताईंकडे पाहिलं.

"जा हो," कलावतीताई टापरेंना म्हणाल्या. "एवढं सरकारी डिझेल कशाकशाला जाळता. आज पुण्य तरी लागेल."

ते रानात गेले. इकडे समितीचं कामकाज आपोआप स्थगित झालं आणि प्रत्येक जण आपापल्या बायकोचे डोहाळे सांगायला लागला. एकाच्या बायकोला ऐन मे महिन्यात हुरडा हवा होता. दुसऱ्याच्या बायकोला फक्त शेजारणीच्या घरचं वरण चालायचं, आणि शेजारणीशी सात वर्षं अबोला. दौलतरावही हळूहळू विरघळले. म्हणाले, त्यांच्या मंडळींना जांभळं हवी होती, पण तेव्हा प्रचार ऐन भरात, आणायचं राहून गेलं. थोरला त्यामुळे एका कानानं कमी ऐकतो.

"तो जिल्हा परिषदेवर आहे तोच ना?" कलावतीताईंनी विचारलं. "लोक तर म्हणतात, दोन्ही कानांनी ऐकत नाही."

दौलतरावही हसले. मीही हसले, आणि हसता हसता खिडकीकडे पाहिलं. फाटकाजवळ कोणी नव्हतं. मला भीती वाटायला लागली होती. मंजुरी आलीच नसेल तर? किंवा आली असेल, आणि पोलिसांच्या गाडीत पेट्रोल नसेल? आमच्याकडे न्याय पेट्रोलपाशी पुष्कळदा अडतो. मधे भरीत-भाकरीचं जेवण झालं. आरोपीच्या देखरेखीखाली झालेलं ते भरीत मी दोनदा मागून घेतलं. तेही वेळ काढायलाच, अशी स्वतःची समजूत घातली.

टापरे आले तेव्हा त्यांची ओळख पटेना. इस्त्रीच्या शर्टाची बाही फाटलेली, हातांवर काट्यांचे ओरखडे, पँटला गोखरू चिकटलेले. रुमालात बांधून त्यांनी ओंजळभर लालबुंद बोरं आणली होती. "बांधावर एकच झाड राहिलंय, ताई. गुराखी नव्हता, स्वतःच काढली. खा."

खरं सांगते, त्या क्षणी माझा जीव कालवला. हा माणूस दुष्ट असता तर माझं काम सोपं होतं. याला कोणी बोरं मागितली तर तो काट्यात शिरायचा, आणि याच्याकडे कोणी दाखला मागितला तर ड्रॉवर उघडायचा. दोन्ही त्याला सारखंच सहज होतं. मी दहाची नोट काढून त्यांच्यापुढे धरली. ते सवयीनं दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "तिथं टेबलावर ठेवा."

कलावतीताईंना ठसका लागला.

मी पहिलं बोर तोंडात टाकलं आणि फाटकाशी रिक्षा थांबली. मंदाकिनीबाई उतरल्या, पोलिसाला काहीतरी बोलल्या, आणि त्याला न जुमानता थेट खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. एकदाच, पण सावकाश.

मी बी काढून कागदात ठेवली, उभी राहिले आणि शपथ घेतली.

दौलतरावांनी मऊ आवाजात विचारलं, "सरकारी वकील बाई, लाचेच्या खटल्यांच्या मंजुरीची सध्याची पद्धत चालते का?"

"चालते, साहेब," मी म्हणाले.

ते प्रसन्न झाले. टिपणाऱ्या बाईंनी लिहून घेतलं. दौलतराव "आभारी आहे" म्हणायला तोंड उघडणार, तोवर मी पुढे बोलायला लागले होते.

"कशी चालते तेही सांगते. याच जिल्ह्यातल्या एका अधिकाऱ्याच्या खटल्याला पावणेदोन वर्षं मंजुरी नव्हती. आज सकाळी मागच्या व्हरांड्यात समितीच्या अध्यक्षांनी माझ्यासमोर सचिवांना फोन केला. आज दुपारी मंजुरी आली, आणि आत्ता दोषारोपपत्र न्यायालयात दाखलही झालं. त्यामुळे पद्धत उत्तम आहे. तिला फक्त प्रत्येक तक्रारदारामागे एक अध्यक्ष लागतो. बाकीच्या खटल्यांसाठीही साहेबांनी असेच व्हरांड्यात यावं, अशी विनंती आहे. या जिल्ह्यात अजून अकरा आहेत."

दाराशी उभ्या टापरेंच्या खिशात फोन वाजायला लागला आणि वाजतच राहिला.

दौलतराव टिपणाऱ्या बाईंकडे वळले. आवाज अजून मऊच होता. "शेवटचं काढून टाका."

"साहेब, शपथेवरची साक्ष आहे," बाई म्हणाल्या. "काढायची तर सगळ्या सदस्यांची मंजुरी लागते."

दौलतरावांनी चौघांकडे पाहिलं. तिघांनी छताकडे पाहिलं. कलावतीताईंच्या तोंडात माझं बोर होतं. त्यांनी ते शांतपणे चघळलं, बी ताटलीत टाकली आणि नकारार्थी मान हलवली.

म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. मग उठता उठता एवढंच बोलला, "मुलगी झाली तर तिला राजकारणात घाल."

मुलगीच झाली. राजकारणाचं अजून ठरलेलं नाही. सध्या तिचा कल दिसेल ते ओढून पाडण्याकडे आहे, म्हणजे आशा आहे. टापरे त्या आठवड्यात खुर्चीवरून उठले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी तेजलचा दाखला मुदतीच्या दोन दिवस आधी दिला. विधेयकही पुढच्या वर्षी मंजूर झालं. थोडं कातरून, म्हणजे आमदारांना त्यातून वगळून. पण झालं. महाधिवक्त्यांच्या कार्यालयाची एक शाखा आमच्या जिल्ह्यात उघडली आणि तिथे एक टेबल मला मिळालं.

त्या टेबलापुढे पहिल्यांदा आला तो लांबच्या तालुक्यातला एक वयस्क शिक्षक. निवृत्तिवेतनासाठी त्यांच्याकडे लाच मागणारा कारकून सापळ्यात सापडला होता. सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून मुलगी त्या दिवशी माझ्या पायाशी सतरंजीवर खेळत होती. मी कागद वाचले, पुरावा पाहिला आणि त्यांच्यासमोरच मंजुरीवर सही केली.

"झालं गुरुजी," मी म्हटलं. "या तुम्ही."

त्यांना ते पटेना. विचारलं, आता कोणाला भेटावं लागेल. म्हटलं, कोणालाच नाही. फोन कोणाचा लागेल? म्हटलं, कोणाचाच नाही. ते मान डोलावत बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दुपार झाली, ऊन कललं, तरी उठेनात. मी दोनदा बाहेर जाऊन समजावलं. दोन्ही वेळा म्हणाले, "हो, हो, तुम्ही तुमचं काम करा, मी थांबतो."

शेवटी त्यांची शेवटची एसटी चुकायची वेळ आली. मी त्यांना आत बोलावलं, टेबलावरचा फोन उचलला, ज्याची लाइन अजून जोडलेलीच नव्हती, आणि त्या मुक्या रिसीव्हरमध्ये खणखणीत आवाजात म्हणाले, "हां, गुरुजींचं काम आहे. करून टाका."

गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी मला नमस्कार केला, माझ्या मुलीला नमस्कार केला, आणि एसटी गाठायला पळत सुटले.